पायाखालचे पापुद्रे

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात इथिओपियातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी अचानक जागा झाला. हजारो वर्षांत त्याच्या उद्रेकाची कुठे नोंद नव्हती. २३ तारखेला त्याने आकाशात राख उडवली, ती तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून अरबी समुद्रावर आली आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीच्या डोक्यावर पोहोचली. विमान कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली, काहींचे मार्ग बदलले. दूरचित्रवाणीवर दिवसभर तोच करडा ढग फिरत होता.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या वाड्यात चहाला बसलो होतो. घरातली नऊ-दहा वर्षांची नात टीव्हीसमोरून उठून आजोबांकडे आली आणि तिने विचारले, ‘‘आबा, आपल्याकडे पण आहे का हो ज्वालामुखी?’’ आजोबा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, ‘‘छे गं, आपल्याकडे कुठला! ते सगळं जपानला, नाही तर इटलीला.’’ हे उत्तर देताना आजोबा ज्या जोत्यावर टेकले होते ते जोते, त्याखालचा पाया, अंगणातला पाटा-वरवंटा आणि तुळशीवृंदावनाचा चौथरा हे सगळे ज्वालामुखीनेच दिलेले होते. महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के जमीन थिजलेल्या लाव्हारसावर उभी आहे. आपण ज्वालामुखीच्या देशातच राहतो. फक्त तो विझून साडेसहा कोटी वर्षे झाली.

आजोबांचे उत्तर एका अर्थी खरेच होते. इथे आता उद्रेक होणार नाही. पण ‘आपल्याकडे कुठला’ हा जो भाव त्या उत्तरात आहे, तो केवळ एका घरापुरता नाही. तो आपल्या पाणी योजनांत आहे, रस्त्यांच्या आराखड्यांत आहे, दरडी कोसळल्यावर होणाऱ्या चौकश्यांतही आहे. पायाखाली कोणता थर आहे हे न विचारता आपण या राज्याचा कारभार करतो, आणि त्याची किंमत दर उन्हाळ्यात व दर पावसाळ्यात मोजतो.

पिठले आणि धिरडे

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांपुढे जपानच्या फुजीसारखा सुबक शंकू येतो. असा शंकू एका दमात उभा राहत नाही. तो राख आणि लाव्हा यांच्या आळीपाळीने चढलेल्या थरांनी बनतो. हे कसे घडते ते समजायला स्वयंपाकघरात जावे. घट्ट पिठले चुलीवर असले की त्यातली वाफ सहज बाहेर पडत नाही. ती आत कोंडते आणि मग रटरटून पिठल्याचे शिंतोडे ओट्यावर, भिंतीवर, करणाऱ्याच्या हातावर उडतात. ज्या शिलारसात सिलिका जास्त असते तो असाच घट्ट असतो. जमिनीखालच्या प्रचंड दाबात त्याच्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. तो वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे सुटू लागतात. पण रस घट्ट असल्याने त्यांना वाट मिळत नाही. शेवटी स्फोट होतो आणि त्या रसाचाच भुगा होऊन उडतो. आपण ज्याला राख म्हणतो ती लाकडाच्या राखेसारखी जळून उरलेली वस्तू नव्हेच. ती काचेचा आणि खडकाचा बारीक चुरा असते, म्हणून तर विमानाच्या इंजिनाला तिचे भय. वायूचा जोर ओसरला की उरलेला रस मुखातून संथपणे वाहतो आणि पडलेल्या राखेवर लाव्ह्याचे पांघरूण घालतो. पुढच्या खेपेला पुन्हा राख, पुन्हा लाव्हा. लाव्ह्याचा कठीण थर खालच्या भुसभुशीत राखेला पावसापासून वाचवतो, म्हणून शंकू उंच राहतो.

१७०७ मध्ये फुजीचा शेवटचा मोठा उद्रेक झाला तेव्हा शंभर किलोमीटरवरच्या एडो शहरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर, राख पडली होती. या जातीचा ज्वालामुखी पाहायला जपानलाच जायला हवे असे मात्र नाही. अंदमानातले निर्मनुष्य बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी आहे आणि त्याच्या कड्यांत लाव्हा व राखेचे एकाआड एक पट्टे उघडे पडलेले आहेत. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक नोंदला गेला, पुढे एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला, १९९१ मध्ये परत जागा झाला आणि अधूनमधून धुमसत राहिला. २०२५ च्या सप्टेंबरातही त्याने छोटे उद्रेक केले.

सह्याद्रीची गोष्ट वेगळी आहे. इथे घट्ट पिठले नव्हते. इथे धिरड्याचे पातळ पीठ होते. कमी सिलिकेचा, अतिशय तापलेला, वाहता रस. त्यातले वायू फारसे न कोंडता निघून जात. एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून हा रस वर आला आणि पसरत गेला. एक धिरडे थिजले की त्यावर दुसरे. म्हणून आपल्याकडे शंकू नाही, सपाट माथे आहेत. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक उरला आहे. महाराष्ट्रापेक्षा मोठा प्रदेश. हा रस किती पातळ होता याची कल्पना यावी म्हणून सांगतो : आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला याच बेसाल्टचे थर आहेत, आणि ते पश्चिमेकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेले असावेत असे अभ्यासक मानतात.

इतका लांब वाहताना तो वाटेत थिजला कसा नाही? तर दुधावर साय धरते तशी त्याच्यावर चटकन साय धरली. वरचे कवच थिजले, आतला रस उबेत राहिला आणि कवचाखालून पुढे सरकत गेला. आणखी रस आला की साय वर उचलली जाई. त्यामुळे प्रत्येक थराला दोन स्वभाव आहेत. आतला भाग सावकाश थिजला, म्हणून तो घट्ट, काळा, घणाला दाद न देणारा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो जाळीदार आणि लवकर झिजणारा. त्या पोकळ्यांत पुढे लाखो वर्षे पाणी झिरपले आणि पांढरे, हिरवे स्फटिक तयार झाले. लहानपणी माळावर गोळा केलेल्या गारगोट्या त्या याच. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतून निघालेले निळेभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहे.

चिरोट्यातला साटा

दोन थरांमध्ये काय होते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. एक थर थिजल्यावर दुसरा लगेच येत असे असे नाही. कधी मध्ये शेकडो, कधी हजारो वर्षे जात. तेवढ्यात पाऊस पडे, खडक झिजून माती होई, खळग्यांत तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी नि मासे वावरत. आणि मग पुन्हा आगीचा लोंढा येऊन सगळे भाजून टाकी. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात टाकळीजवळ अशा तळ्यांच्या गाळातले जीवाश्म शोधून काढले. बिरबल साहनींनी मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलानच्या अशाच थरांतल्या वनस्पती अभ्यासल्या. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर इटुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले.

मुंबईचे प्रकरण आणखी निराळे. दख्खनच्या उद्रेकाच्या अखेरीला तिथल्या रसाचा स्वभाव बदलला. कुठे तो घट्ट झाला, कुठे समुद्राच्या किंवा तळ्याच्या पाण्याशी गाठ पडली, स्फोट झाले, राख उडाली. म्हणून मुंबई परिसरात काळ्या बेसाल्टबरोबर राखेचे थर, दगडगोट्यांचा काला आणि मालाड-कुर्ल्याचा पिवळसर दगड सापडतो. कान्हेरीची लेणी अशा काल्यात खोदलेली आहेत आणि राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे थिजताना खांबांसारखा तडकलेला लाव्हा. तिला आता इमारतींनी असे घेरले आहे की ती शोधावी लागते.

घाटात मात्र दोन थरांमधली खूण म्हणजे तांबडा पट्टा. पुणे-सातारा रस्त्यावरच्या घाटांत, जिथे जिथे डोंगर कापला आहे तिथे, काळ्या खडकात विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते. कुठे चार बोटे जाड, कुठे पुरुषभर. विहीर खोदणारे तिला गेरू म्हणतात. काही ठिकाणी ती वरच्या लाव्ह्याने भाजलेली माती आहे, काही ठिकाणी उद्रेकाच्या राखेची कुजून झालेली माती. चिरोट्याच्या पापुद्र्यांमध्ये साटा असतो तसा हा सह्याद्रीचा साटा. साटा नसेल तर चिरोट्याला पदर सुटत नाहीत. तसेच सह्याद्रीचेही आहे. पाणी कुठे थांबणार आणि डोंगर कुठून सुटणार, हे बऱ्याच ठिकाणी या पट्ट्याशी आणि त्याखालच्या जाळीदार खडकाशी बांधलेले असते.

राखेचा विषय निघाला आहे म्हणून एक अवांतर. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, पण त्याचा सह्याद्रीच्या लाव्ह्याशी काहीही संबंध नाही. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ती उजेडात आणली आणि तिथे आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. ती टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर विद्वानांचा वाद रंगला. इथिओपियाची राख दिल्लीला आली याचे आपल्याला नवल वाटले. कुकडीच्या काठाला मात्र पाहुणी राख नवी नाही.

आता त्या नातीच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. इथला ज्वालामुखी विझला का? बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते तो विझला नाही. आपणच त्याच्यावरून सरकलो. पृथ्वीच्या पोटातला तो तप्त झोत जागीच राहिला आणि भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली. आज तो झोत हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी नेमाने पेटत असतो. शेजारचे मॉरिशसही त्याच झोताने घडवले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेली मराठी माणसे ज्या काळ्या दगडाच्या देशातून निघाली, त्याच चुलीवर शिजलेल्या दुसऱ्या काळ्या दगडावर जाऊन उतरली. त्यांचे वंशज अजून तिथे गणपती बसवतात.

मामांची विहीर

माझे आजोळ संगमनेरकडचे. थोरल्या मामांनी साठच्या दशकात विहीर काढली तेव्हा खोदणाऱ्या टोळीचा म्होरक्या एक वयस्क वडार होता. वीस-बावीस हातांवर जाळीदार खडक लागला, त्याला ते लोक मांजऱ्या म्हणत, आणि पाणी दिसले. त्याखाली तांबडा पट्टा आला. म्हातारा म्हणाला, ‘‘मालक, आता बास. ही तांबडी हाय ना, तिच्या डोक्यावर पानी बसतं. हिला फोडू नका.’’ मामांनी ऐकले. ती विहीर अक्षय्यतृतीयेपर्यंत पाणी देई. पुढे नव्वदच्या दशकात मामेभावाने ऊस लावला आणि पाणी पुरेना म्हणून विहिरीच्या तळातच बोअर घेतले. तीनशे फूट. पहिल्या वर्षी पाणी वाढले. मग एका हिवाळ्यात विहिरीच्या काठावर उभे राहिले की खालून पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. तांबड्या पट्ट्यावर बसलेले पाणी बोअरच्या भोकातून खालच्या थरात गळत होते. त्यानंतर ती विहीर शिमग्यालाच तळ दाखवू लागली. शेजारच्या दोन विहिरींचेही तेच झाले, आणि त्या दोन घरांशी आमच्या आजोळचा अबोला अजून आहे.

या एका विहिरीत महाराष्ट्राच्या भूजलाची बरीचशी कथा आली. गंगेच्या मैदानात जमिनीखाली शेकडो फूट वाळू-गाळ आहे, तो स्पंजासारखा पाणी धरतो. आपल्याकडे झिजलेल्या बेसाल्टच्या शंभर घनमीटरांतून जेमतेम दोन घनमीटर पाणी सुटते. वाळूमिश्रित गाळातून याच्या सात-आठ पट. शिवाय हे थोडके पाणीही एकसंध नाही. एका थराचे पाणी वेगळे, त्याखालच्याचे वेगळे, मध्ये घट्ट पाषाण. खाली जावे तसे पाणी वाढतेच असे नाही. बहुधा ते कमीच होते, आणि जे मिळते ते कधी काळी साचलेले असते. ते उपसले की पुन्हा भरायला एक पावसाळा पुरत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर घेणारी यंत्रे गावोगाव फिरली, त्यांनी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पुष्कळ सोडवला हे मान्य करायला हवे. पण पिण्यासाठी आलेले यंत्र उसासाठी वापरले गेले. मराठवाड्यात हजार-हजार फूट खाली जाऊनही धूळ वर येऊ लागली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटर ही खोल विहिरीची मर्यादा मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी त्याहून खोल जाण्यास मनाई करतो. पण बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटेपूर्वी जाते, हे कोणत्याही गावात कोणीही सांगेल. योजनाही नाहीत असे नाही. २०१४ मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ठेवला. त्यावर राजकारण भरपूर झाले. एका बाजूने योजनाच भ्रष्ट ठरवली, दुसऱ्या बाजूने अहवालच अपुरा ठरवला. खडकाविषयी कोणीच बोलले नाही. नाला खोल केला तर खालचा थर जाळीदार आहे की घट्ट, यावर त्यात पाणी मुरणार की उन्हात आटणार हे ठरते. एकाच गावात दोन नाले, दोन थरांवर. एकाचा फायदा होईल, दुसऱ्यात पैसे वाहून जातील. मंजुरीच्या कागदावर मात्र लांबी, रुंदी, खोली आणि रक्कम एवढेच रकाने असतात.

पायरीवरची गावे

पावसाळ्यात सह्याद्रीकडे लांबून पाहावे. उभा काळा कडा, मग हिरवी पायरी, पुन्हा कडा, पुन्हा पायरी. ‘ट्रॅप’ हे या खडकाचे नाव मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आले आहे, ते उगीच नव्हे. कडा म्हणजे थराचा घट्ट गाभा. पायरी म्हणजे झिजलेला जाळीदार भाग आणि तांबडा पट्टा. आपल्या गडकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. कड्याने तट फुकट मिळतो, पायरीवर माची बसते, आणि तुटक्या थराच्या तोंडाशी टाके खोदले की बारमाही पाणी मिळते. लेणी खोदणाऱ्यांनीही जाड, एकजीव थर निवडला.

वस्त्यांनीही तेच केले. डोंगरातल्या वाड्या पायरीवरच का वसल्या? कारण तिथे थोडी सपाटी असते, माती असते, आणि मुख्य म्हणजे झरा असतो. पावसाचे पाणी वरच्या खडकाच्या भेगांतून उतरते, न झिरपणाऱ्या थराला अडते आणि आडवे जाऊन पायरीशी बाहेर पडते. ज्या थरामुळे वाडीला पाणी मिळते, तोच थर अतिवृष्टीत वाडीवर उलटतो. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडला की ते पाणी झऱ्यातून निघून जाण्याइतकी वाट राहत नाही. पायरीवर आणि उतारावर साचलेली माती, मुरूम, दगडगोटे पाण्याने फुगतात, जड होतात, आतल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटे करतो, आणि खालच्या गुळगुळीत खडकावरून सगळा ढीग एकदम सुटतो. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव. २०१४ च्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यात माळीण. दीडशेच्या वर माणसे. २०२१ च्या २२ जुलैला महाड तालुक्यातच तळिये, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. या नावांची यादी करताना हात जड होतो. सगळी जुलैमधली, जवळपास सगळी घाटाच्या कुशीतली, आणि बहुतेक गरीब, पुष्कळशी आदिवासी माणसांची.

इर्शाळवाडी सरकारच्या धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे तेव्हा विधिमंडळातच सांगण्यात आले. ते ऐकून पुष्कळांना संताप आला. मला त्यात आश्चर्य वाटले नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरच्या दरडप्रवण भागांचे नकाशे करण्याचे काम २०१४ पासून हाती घेतले, ते मोठे आणि आवश्यक काम आहे. पण त्या नकाशांचे प्रमाण पन्नास हजारास एक. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर पेन्सिलीच्या टोकाएवढी येते. तिच्या डोक्यावरच्या पायरीत माती किती जाड आहे, तांबडा पट्टा कुठे आहे, यंदा झरा नव्या जागी फुटला आहे का, हे त्या नकाशातून दिसणारच नाही. ते वाडीतच जाऊन पाहावे लागते, आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागते. जमिनीला भेग पडणे, झरा गढूळ होणे, झाडे तिरकी होणे या गोष्टी तिथल्या माणसांना आधी दिसतात. त्या कोणाला कळवायच्या, आणि कळवल्यावर कोण येणार, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

माळीणनंतर डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या शेतजमीन सपाटीकरणावर बोट ठेवले गेले. ते कितपत कारणीभूत यावर मतभेद राहिले. पायरीचा पायथा कापला की वरचा ढीग आधार गमावतो, याबद्दल मात्र मतभेद असण्याचे कारण नाही. घाटरस्त्याच्या रुंदीकरणात हेच होते, फार्महाऊसच्या प्लॉटिंगमध्ये हेच होते. केरळात वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसे गेली ती २०२४ च्या ३० जुलैला, माळीणच्या बरोबर दहा वर्षांनी. तिथला खडक निराळा, लाव्ह्याचा नव्हे. पण दुसऱ्याच दिवशी पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने पुन्हा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात होते. तो सहावा मसुदा होता. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. मधल्या सगळ्या काळात भांडण चालले ते कोणते गाव यादीत आणि कोणते बाहेर यावर. गावाची शीव महसूल खात्याने आखलेली आहे, थराची शीव निसर्गाने. डोंगराची दरड महसुली शीव पाहून थांबत नाही.

२०२५ हे वर्ष तसे या दगडाच्या मानाचे गेले. जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. सप्टेंबरमध्ये, बॅरन बेट धुमसत होते त्याच महिन्यात, पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्ह्याचे थर भारताने युनेस्कोच्या संभाव्य यादीत घातले. आनंदाची गोष्ट आहे. फेटे बांधले गेले, पेढे वाटले गेले. पण महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, आणि तेव्हापासून तिथे काय बांधले गेले हे सुटीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाहिले आहे. त्याच डोंगरांच्या पलीकडे कोयनेच्या खोऱ्याच्या बाजूला ‘नवे महाबळेश्वर’ उभारण्याची योजना राज्याने आखली, आधी २३५ गावांसाठी. तिच्या विरोधात बोलणाऱ्यांना विकासविरोधी म्हणायचे आणि बाजूने बोलणाऱ्यांना बिल्डरांचे म्हणायचे, अशी सोय दोन्हीकडे आहे. मला एवढेच विचारावेसे वाटते की त्या २३५ गावांतली पायरीवर किती आणि पठारावर किती, कुठल्या झऱ्यावर किती घरे तगतात, हे मोजणारा तक्ता आराखड्याला जोडला आहे का?

आणि हा खर्चाचा प्रश्न नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी आपल्याच शास्त्रज्ञांनी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडले. लाव्ह्याचे थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपले आणि खाली जुना ग्रॅनाइट लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदले तेव्हा तोच लाव्हा ३३८ मीटरवर संपला. म्हणजे पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ होत जाणारी ही धिरडी किती, हे आपल्याला बोटाने दाखवता येते. इतके ज्ञान आपल्याकडे आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दप्तरात हजारो विहिरींच्या नोंदी आहेत. ते ज्ञान ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत उतरलेले नाही. ‘तुमच्या गावाखाली अमुक थर आहे, तमुक हातांवर तांबडी आहे, ती फोडू नका’ एवढे लिहायला एक पाटी पुरते.

त्या नातीला मी परवा घाटात घेऊन गेलो. आजोबाही बरोबर आले. वळणावर गाडी थांबवून तिला कापलेल्या डोंगरातला तांबडा पट्टा दाखवला. तिने नखाने खरवडून पाहिले, बोट लाल झाले. ‘‘ही राख आहे की माती?’’ तिने विचारले. मी म्हटले, कुठे राख असते, कुठे माती. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पट्ट्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरत होते, पाऊस संपून आठवडे झाले होते तरी. आजोबा वाकून बराच वेळ ते पाणी पाहत राहिले. मग खाली दरीतल्या वाडीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘म्हणजे त्यांच्या पाणवठ्याचं पाणी हेच की.’’ आणि थोडे थांबून, रस्त्यासाठी कापलेल्या उभ्या उतारावर नजर टाकत त्यांनी विचारले, ‘‘हे कापताना त्यांना कोणी विचारलं असेल का हो?’’